दोन खाचांची पट्टी

वस्तादांच्या गॅरेजात दोनच माणसं काम करायची, वस्ताद आणि त्यांची सून. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली; एकुलता मुलगा काविळीने गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे शटर कायमचं खाली येणार. सून कितीतरी दिवस कुणाशी बोलली नाही. मग एका सकाळी नवऱ्याचा कामाचा शर्ट चढवून, बाह्या दुमडून ती गॅरेजात येऊन उभी राहिली.

"काय करू, सांगा."

वस्तादांनी तिच्या हातात पाना दिला. त्यावर दोघांत पुन्हा कधी चर्चा झाली नाही.

पुढे ती चांगली तयार झाली. ब्रेकचं काम तर तिच्याच हातचं. त्यातली एक गोष्ट मात्र एकट्याने होण्यातली नव्हती. चाक काढलं की मागची ब्रेकची डिस्क मोकळी फिरायला लागते. तिच्या मधोमध एक मोठा नट असतो, तो गंजून बसलेला. त्याला जोर द्यावा तर नटाबरोबर डिस्कही गरगर फिरते. म्हणून एकाने चाकाच्या बोल्टांमध्ये पहार अडकवून डिस्क धरून ठेवायची आणि दुसऱ्याने पान्यावर अंगाचा भार टाकायचा. धरायचं काम वस्तादांचं. "बाबा, धरा," अशी हाक आली की ते हातातला चहा तसाच ठेवून उठायचे, पहार अडकवायचे आणि म्हणायचे, "हं, काढ आता कुणावरचा राग असेल तो."

"घरात तुम्हीच तर आहात. दुसऱ्या कुणावर काढू?"

"मग नट लवकर निघेल."

पाववाल्याची गाडी आली होती, त्या दिवशी पहार सुटली. सून पान्यावर वाकलेली होती, डिस्क एकदम फिरली आणि पहारेचं टोक तिच्या मनगटावर बसलं. हाड वाचलं, पण हात टम्म फुगला.

"बोल्टला ग्रीस लागलं होतं, त्यानं घसरली," ती म्हणाली.

"ग्रीस नव्हतं," वस्ताद म्हणाले. ते आपल्या तळहातांकडे बघत होते.

बरेच दिवस शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागत होता, कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता. हे सगळं त्यांनी लपवून ठेवलं होतं. सुनेने ओढूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. नसांचा आजार आहे, आधी हात जातील, मग पाय, मग श्वास. औषधाने फार तर थोडा उशीर होईल. घराशी आल्यावर वस्ताद एवढंच म्हणाले, "लेकीला इतक्यात कळवू नकोस. उगाच धावत येईल."

दुसऱ्या दिवसापासून ते एका लोखंडी पट्टीमागे लागले. पट्टी टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळायची, थोडं कापायचं, दम खायचा, पुन्हा कापायचं. ड्रिल हातात ठरेना, तेव्हा ते पोटाशी टेकवून चालवलं. पट्टीच्या एका टोकाला त्यांनी दोन लांबट खाचा पाडल्या आणि कानशीने घासून साफ केल्या. हातभर पट्टी. खाचा चाकाच्या दोन बोल्टांवर बसवायच्या, वरून चाकाचेच नट आवळायचे, दुसरं टोक जमिनीला टेकवायचं. डिस्क हलायचं नाव घेत नाही. खाचा लांबट, म्हणून बहुतेक गाड्यांना चालते.

"बघ लावून," ते म्हणाले.

तिने लावून बघितली. नट निमूट सुटला. "छान झालीय," म्हणत तिने पट्टी पुसून फळीवर ठेवली आणि पुढची गाडी आली तशी नेहमीसारखी हाक मारली, "बाबा, धरा."

वस्ताद जागचे हलले नाहीत. "पट्टी कशाला केली मी?"

"तुम्ही आहात ना."

"आहे. पण हात नाहीत माझे. पुन्हा तुला लागलं तर?"

"लागू दे."

"पोरी, मला बरं वाटावं म्हणून हात मोडून घेऊ नकोस. नाही बरं वाटत मला त्यानं."

तिने पाठ फिरवली, डोळे बाहीने पुसले आणि फळीवरून पट्टी काढली.

थंडी सुरू होईपर्यंत वस्तादांचे पायही गेले. गॅरेजामागच्या खोलीत त्यांची खाट टाकली. मधलं दार उघडं असायचं. संध्याकाळी ती हात धुऊन आली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "धरते का नीट?"

"धरते."

एकदा एका जड मालवाहू टेम्पोचा नट काढताना पट्टी वाकली. ती वस्तादांना काही बोलली नाही. वाकडी पट्टी घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेली आणि तिच्यावरून दुसरी, जाड लोखंडाची करून आणली. संध्याकाळी प्रश्न आला, तेव्हा उत्तरही तेच दिलं.

मग एक दिवस वस्तादांनी हट्टच धरला. "मला बघायचंय. खुर्चीत बसव."

तिने त्यांना उचलून खुर्चीत बसवलं आणि दारात आणलं. अंगात वजन असं उरलंच नव्हतं. तिने पट्टी लावली, पान्यावर भार टाकला, नट करकरला आणि सुटला. वस्तादांनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली.

"जाड घेतलीस, ते बरं केलंस," ते म्हणाले. "माझी कच्चीच होती."

"तुमच्या पट्टीवरूनच केलीय, बाबा."

"दिसतंय ना. आत ने आता, गार लागतंय."

ते गेले ते एका दुपारी. सून टॅक्सीवाल्याच्या गाडीशी होती. दोन्ही बाजूंचं काम, दोन्ही नट हट्टी. ती एकटीच लावत होती, काढत होती, ठोकत होती. काम आटोपून चहा घेऊन आत गेली, तर वस्ताद दाराकडे तोंड करून पडलेले. पाय गार झाले होते. कप खाली ठेवून तिने पायांवर पांघरूण ओढलं आणि तिथेच जमिनीवर बसली.

नणंद आली, रडली, राहिली. पाहुणे पांगल्यावर दोघी त्याच खोलीत चादरींच्या घड्या करत होत्या, तेव्हा सून म्हणाली, "पट्टी नव्हती तेव्हा प्रत्येक नटाला त्यांना हाक मारावी लागायची, ताई. त्या दिवशी मारावी लागली असती, तर ओ आली नाही म्हणून मी आत धावले असते. निदान जवळ असते."

नणंद तिच्याशेजारी बसली. "तुला कुणाला हाक मारावी लागू नये, हेच तर हवं होतं गं त्यांना."

"त्यांना हवं होतं," सून म्हणाली. "मला नको होतं."

आणि मग, पहिल्यांदाच, ती मोठ्याने रडली.