हातावरचे आठ थेंब

मंडळी, घरात लेकरू खोकायला लागलं की औषधाच्या आधी कुणाचं चुकलं ते शोधलं जातं. आणि ते चुकणारं माणूस बहुधा स्वयंपाकघरातच सापडतं.

संत्र्याच्या एका मोठ्या बागेत मालकाने मुकादमाला दोन खोल्यांचं घर दिलं होतं. मुकादम, त्याची बायको, त्याची आई आणि सात वर्षांची लेक. लेक एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. गेल्या वर्षापासून फक्त नाव उरलं होतं. चार पावलं धावली की छातीत घरघर सुरू. मग उंबऱ्यावर बसून, हात गुडघ्यांवर टेकून ती श्वास ओढायची. खांदे वरखाली, डोळे आईकडे. देवाने वारा सगळ्यांसाठी सोडला, या एका जिवालाच तो का पुरत नाही, असं आईला वाटायचं आणि ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहायची.

आजीचं निदान ठरलेलं होतं: धूळ. अंथरुणातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारी कीड असते आणि तिने मुलांना दमा होतो, असं शाळेतल्या तपासणीत कुणीतरी सांगितलं होतं. आजीने ते उचललं आणि सुनेच्या माथी मारलं. हल्लीच्या बायकांचा केरसुणीला हात जात नाही, असं ती दारात येईल त्या प्रत्येकीला ऐकवी. सूनही इरेला पेटली. पडदे उतरवले, कोपरान् कोपरा पुसला. आजीच्या सांगण्यावरून रोज सकाळी चादरी, उशा, मुलीची गादीसुद्धा बागेच्या तारेवर उन्हात टाकू लागली. घरघर मात्र वाढतच गेली.

शेवटी आजीने फर्मान काढलं. भिंगरीला शहरात आत्याकडे ठेवायचं, तिथे घर लखलखीत असतं. आईने इथेच राहायचं आणि आधी घर ठेवायला शिकायचं. मुकादम मान खाली घालून जेवत राहिला. बागेत वीस माणसं हाकणारा गडी, पण आईपुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची.

नेण्याआधी एकदा नीट तपासणी करू, एवढ्यावर सून अडून बसली. मुकादम दोघींना दवाखान्यात घेऊन गेला, आजीही बरोबर आली. सुनेची चूक तिला स्वतःच्या कानांनी ऐकायची होती.

डॉक्टरबाईंनी भिंगरीच्या हातावर पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब ठेवला आणि सुईने हलकंच टोचलं. ज्या थेंबाखाली सूज येईल, त्या गोष्टीने हिची श्वासनळी चिडते, असं त्यांनी समजावलं. पंधरा मिनिटं हात हलवायचा नव्हता. भिंगरीने आठही थेंब निरखून पाहिले.

"डॉक्टर, यातला आईचा कुठला?"

"आईचा म्हणजे?"

"आईमुळे मला धाप लागते ना? आजी म्हणते."

आई खिडकीकडे वळली. आजी स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

घरातल्या धुळीच्या थेंबाखाली काहीच आलं नाही. सहाव्याखाली मात्र मधमाशी चावल्यासारखी टरारून सूज आली. तो लाल कोळ्याचा थेंब होता. संत्र्याच्या पानांवरची ही बारीक कीड, जिच्यासाठी मुकादम फवारणी करतो. ती वाऱ्याने उडते, कपड्यांवर बसते. अंथरुणं कुठे वाळवता, असं डॉक्टरांनी विचारलं. तार बागेला लागूनच आहे हे सांगता सांगता सुनेचा चेहरा उतरला.

"म्हणजे मीच..."

"थांबा बाई. पानावर काय बसलंय ते तुम्हाला कोण सांगणार होतं? वर्षभर तुमच्या घरात आईची चौकशी चालली, मुलीची कुणी केलीच नाही. आणि चूक कुणाची ते कळल्याने हिचा श्वास मोकळा होणार आहे का?"

मुकादम म्हणाला, फवारणी वाढवतो. डॉक्टरांनी हात जोडले. चिडलेल्या श्वासनळीला त्या औषधाचा वासही सोसत नाही. श्वासातून ओढायच्या औषधाचा रोजचा पंप चुकवायचा नाही, अंथरुणं घरातच वाळवायची, बागेतले कपडे दारातच उतरवायचे. आणि कोळी फार वाढतो त्या कोरड्या महिन्यांत जमलं तर मुलीला बागेपासून लांब ठेवायचं. ही पूर्ण बरी होईल का, असं आईने विचारलं. ते आज सांगता येत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

बाग मालकाची, घर बागेतलं, पोट बागेवर. झाडं तोडता येत नव्हती, वारा अडवता येत नव्हता. आईवरचा बोल गेला खरा, पण लेक जाणार ती जाणारच होती. कोरडे महिने तोंडावर होते, आणि आता तर डॉक्टरांच्याच शब्दाने.

घरी आल्यावर आई मुकाट्याने मुलीचे कपडे पिशवीत भरू लागली. आजी आली, तिने कपाट उघडलं आणि सुनेचे कपडे काढून त्याच पिशवीत ठेवले.

"तूही जा. धाप लागली की ते पोर तुझ्याकडे बघतं. इथलं रांधणं मी बघेन." मग पिशवीचे बंद ओढत म्हणाली, "आणि ज्यांच्यापुढे तुला बोलले, त्यांच्यापुढे माझं चुकलं हेही मीच सांगेन."

घरच्या बाबतीत मुकादमाला अखेर कंठ फुटला. सुटीच्या दिवशी येत जाईन, तो म्हणाला, आणि येताना डोक्यावरून आंघोळ करून येईन.

आजी त्यांना पोहोचवायला बसथांब्यापर्यंत गेली. भिंगरी दर वीस पावलांवर थांबत होती आणि दोघी तिच्याबरोबर थांबत होत्या.

मायबापहो, श्वास देवाचा. तो वाढवणं आपल्या हातात नाही. तपासणी करणं, रोजचं औषध देणं आणि जीभ सांभाळणं, एवढं मात्र आहे. आजारी लेकराच्या उशाशी बसून त्याच्या आईला बोल लावू नका. लेकरू ऐकत असतं.