टाळ्यांवर तोललेला तलाव

"हे कोणालेच खरं वाटनार नाई. ज्याले वाटन, त्याले माह्याकडून चहा," पानठेल्यावरच्या भोजराजनं विडा गालात सरकवला आणि सुरू झाला.

सौंदडच्या अलीकडच्या गावातला तलाव बुजवून तिथं दुकानांचे गाळे काढायचं आमदारभाऊंच्या मनात आलं. त्याच पाण्यावर सुशिलाबाईचा धान उभा राहायचा. तलाव गेला की तिच्या शेताच्या बांधीत नुसतं गवत. पण भाऊ पक्के लोकशाहीवाले. लोकमत ते टाळ्यांवरून ओळखत. मागल्या वर्षी मंडईच्या जत्रेत तलावाच्या पाळीवर त्यांनी विचारलं होतं, "गाळे पाहिजेत ना?" चटाचट टाळ्या पडल्या. लोक बिचारे मच्छर मारत होते!

"जनता खूश है," भाऊ म्हणाले, आणि गाळ्यांचा फलक लागला.

यंदाच्या मंडईत भूमिपूजन ठरलं, तशी सुशिलाबाई घरोघर फिरली. "चावू द्या मच्छर. हात मांडीखाली दाबून बसा. ज्यानं मारला, त्यानं तलाव बुजवला!"

दिवस बुडला. मच्छर उतरले. भाऊंनी विचारलं, "गाळे पाहिजेत ना?"

गाव दगड झालं. दुधरामच्या नाकावर बसलेला मच्छर इतका प्यायला, की त्याला उडवेना. मिशीवरून पायीपायी घरी गेला. सुशिलाबाईच्या कानात एक गुणगुणत होता. तिनं दात आवळले.

"मुन्ना, माइक बंद आहे का रे?" भाऊंनी माइकवाल्याला विचारलं.

"माइक चालू हाय भाऊ. लोकं बंद हायेत."

मग गावाचं रक्त पिऊन माजलेले मच्छर मंचावर चढले. भाऊंनी गालावर एक हाणली. मानेवर दुसरी. तिसरी.

सुशिलाबाई उठली. "टाळ्या तं तुमीच वाजवून राह्यले भाऊ! गाळे तुमालेच पायजे, आमाले नाई. आता विचारा, तलाव कोनाले पायजे?"

गावानं दाबलेले हात सोडले. असा कडकडाट झाला, की सौंदड स्टेशनात उभी मालगाडी दचकून सुटली.

भाऊंनी गाल चोळत माइक ओढला. "या तलावासाठी मी पहिल्यापासून लढतो आहे!"

"तेवढ्यात मच्छरायनं भाऊले खांद्याले धरून उचललं," भोजराज हात पसरून म्हणाला, "आन् गोंदियाच्या बंगल्यावर नेऊन सोडलं!"

"साफ खोटं!" सुपारी घ्यायला थांबलेली सुशिलाबाई कडाडली. "आपल्या पायानं पळाला तो. आमी पळवला. त्याचा मान मच्छरायले कायले देऊन राह्यला बे?"