नसलेला काटा

बाबांचा अंगठा ताटात थांबला, तेव्हा आमच्या टेबलावर कोणीच बोलत नव्हते. मागच्या टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या टाळ्या वाजत होत्या. लाल फेट्यातला वाढपी "गरम फुलका, गरम फुलका" असे पुटपुटत खुर्च्यांमधून फिरत होता. आमची चौघांची शांतता मात्र निवत चाललेल्या दुधावर साय धरावी तशी जाड होत होती. परब त्या अंगठ्याकडे पाहत होते. माझा भाऊ नितेश परबांकडे पाहत होता. आणि बाबा आपल्याच हाताकडे असे पाहत होते, की जणू तो कुणीतरी त्यांच्यासमोर विसरून गेले असावे.

अंगठ्याने केले होते ते एवढेच. कढीभाताचा घास कालवून झाल्यावर तो घास त्याने ताटाच्या कडेशी नेला, पातळ पसरला आणि आंधळ्याने ओळखीच्या भिंतीवरून हात फिरवावा तसा तो स्वतः शितांमधून एकदा सावकाश फिरला. काटा शोधत. बाबा जन्मभर असेच जेवत आले. पेडव्यांच्या, त्या बारक्या मासळीच्या, केसासारख्या काट्यांनी त्यांच्या अंगठ्याला हे लहानपणीच शिकवले होते, आणि ताटात मासा असो वा नसो, चाचपल्याशिवाय घास तोंडाकडे जात नसे. घरी ते आमच्या लक्षातही येत नसे. इथे, घाटकोपरच्या या शुद्ध शाकाहारी थाळीच्या हॉटेलात, तो अंगठा पुराव्यासारखा उघडा पडला होता.

कारण आम्ही इथे जेवायला आलोच नव्हतो. आम्हाला तपासले जात होते.

परब जवळच्याच एका इमारतीचे सेक्रेटरी. त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट भाड्याने मिळत होता. अट एकच. घरात मासे-मटण शिजता कामा नये. एजंटने नितेशला बजावले होते, "मराठी पार्टी असली की कमिटी परबसाहेबांना पुढे करते. ते एकदा जेवायला बसतात तुमच्यासोबत. इंटरव्ह्यू म्हणायचं नाही त्याला." आणि पुरीचा पहिला तुकडा मोडता मोडता परबांनी ते स्वतःच हसत सांगितले होते. "घरी गेलं की माणूस आवरून-सावरून बसतो. ताटावर तो खरा दिसतो. बाकीच्यांना नाही कळत आपल्या लोकांचं. मला कळतं."

आपल्या लोकांचं! ज्या जिव्हाळ्याने ते म्हटले गेले, त्याने माझ्या कानशिलात पहिली ठिणगी पडली.

आम्हाला ते घर हवे होते, कारण त्या इमारतीला लिफ्ट होती. साकीनाक्याला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली लेथ मशीनचे वर्कशॉप आणि वर येणारा अरुंद, उभा जिना. बाबांच्या हृदयाने दगा दिल्यापासून डॉक्टरांनी त्यांना जिना बंद केला. गिरणी गेली तेव्हा ज्या माणसाने पुढची सगळी वर्षे पायी हिंडून, दारोदार वस्तू विकून आम्हाला वाढवले, तो आता गॅलरीच्या गजांतून रस्ता पाहत बसतो. आज सकाळी नितेशने आणि वर्कशॉपमधल्या रतनने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवले. प्रत्येक वळणावर बाबा दोघांची क्षमा मागत होते. खाली आल्यावर टॅक्सीत बसायच्या आधी ते म्हणाले, "जरा उभो रवतंय." रस्त्याच्या कडेला, भंगाराच्या हातगाडीला धरून ते उभे राहिले. कोपऱ्यावरचे सलून अजून आहे का, हे त्यांनी मान उंच करून पाहिले. ते होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी पाहिले, आणि त्याच क्षणी ठरवले, की आज जे काही विचारले जाईल त्याला मी मान डोलावीन.

मासळीही आम्ही सोडलीच होती. दर रविवारी मी मरोळच्या बाजारातून आणायची, ती थांबवली. नितेश म्हणाला होता, "बाहेर खाऊ ना यार, हॉटेलात. घरात काय अडलंय?" मी बाबांना विचारले, तुम्हाला चालेल का? त्यांनी उत्तरादाखल विचारले होते, "लिफ्ट असा मां?"

सोडण्याचे दुःख मला नव्हते. पण सोडले आहे हे सिद्ध करण्यासाठी, मोहरी आणि साखरेच्या वासाने जड झालेल्या या वातानुकूलित सभागृहात, अनोळखी माणसासमोर एकेक घास उचलून दाखवायचा? अन्नही कसे होते! दोन आमट्या, एक गोड आणि दुसरी अधिक गोड. चार भाज्या, चारींना एकच मसाला, जणू एकाच आईची कंटाळलेली मुले. वाढपी वाटी अर्धीही होऊ देत नव्हते. हात आडवा धरला तरी त्यांचे पळे बोटांच्या फटींतून ताटात उतरत होते. अशा वाढण्याला कुणी आदरातिथ्य म्हणत असेल. मला ते "नको" म्हणण्याचा हक्क काढून घेणे वाटत होते, आणि त्या दुपारी तो हक्क आमच्याकडे तसाही नव्हता.

परबांनी सापळा मात्र फार मऊ हाताने लावला. बटाट्याची भाजी संपवताना ते एकदम गावच्या बोलीवर उतरले.

"गाव खंयचो तुमचो?"

बाबांची मान वर आली. कितीतरी दिवसांत आमच्याशिवाय कुणी त्यांच्याशी त्या बोलीत बोलले नव्हते.

"मोचेमाड. वेंगुर्ल्याकडे."

"अरे वा. म्हणजे दर्या दारातच. पेडव्यांच्या दिवसांत मजाच असात."

"मजा म्हणजे काय, परबांनू!" बाबा पुढे झुकले. त्यांच्या गालांवर रंग चढला होता. "रापण ओढली की जाळ्यात नुसतो चांदीचो..."

टेबलाखाली नितेशचा बूट हलला. बाबा तिथेच थांबले. उरलेले वाक्य त्यांनी सोडून दिले आणि म्हणाले, "पण मी सोडलंय आता. हेंची आई गेली तेवाच सोडलंय. खरा सांगतंय."

हे खोटे होते. आई गेल्यावर, तेराव्यानंतर, त्यांना पहिला घास मीच भरवला होता, सुरमईचा, आणि ते रडत रडत जेवले होते. माझ्या बापाला खोटे बोलता येत नाही. आज तो बोलला, तेही मेलेल्या बायकोचे नाव घेऊन, एका लिफ्टसाठी. आणि परब मान हलवत म्हणाले, "छान. मी पण किती वर्षं झाली, सोडलं. आता वासही सहन होत नाही."

त्यानंतर भात आला. आणि अंगठा.

"काय शोधताय काका?" परबांनी ती शांतता शेवटी मोडली. आवाज गोडच होता.

"बाबांना कमी दिसतं," नितेश घाईने म्हणाला. "खडा-बिडा आहे का बघतात. सवय आहे त्यांची."

"खड्यासाठी कोणी असं नाही करत, नितेश." परब हसले. "मी पण तिकडचाच आहे रे."

"जुनी खोड, परबांनू," बाबा म्हणाले. "हाताक कळणा नाय. मनात काय नाय माझ्या."

मग त्यांनी जे केले ते मी विसरणार नाही. त्यांनी तो अंगठा तळहातात दुमडून घेतला, वरून चार बोटांनी झाकला, आणि वाढप्याकडे पाहून म्हणाले, "एक चमचो देशात?"

चमचा आला. माझ्या बापाने आयुष्यात चमच्याने भात खाल्ला नव्हता. दवाखान्यातही नाही, तिथे सुई टोचलेल्या हाताने, नळी सांभाळत, बोटांनीच जेवले होते. आता मूठ आवळून धरलेल्या त्या चमच्यावर भात चढेना. चढला तो तोंडाशी जाईपर्यंत कलंडला आणि कढी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर सांडली. तो शर्ट नितेशने काल रात्री मुद्दाम इस्त्री करून टांगला होता. बाबा रुमाल शोधू लागले. "सॉरी," ते परबांना म्हणाले. शर्ट त्यांचा होता आणि सॉरी परबांना!

माझ्या आतले सगळे शब्द एकदम पेटले आणि एकही कामाचा उरला नाही. मी किती वर्षे कवितांमध्ये रागाचे अर्थ शोधत आले आहे. राग म्हणजे निखारा, राग म्हणजे नदी, असे काय काय वाचले आहे. त्या क्षणी कळले की राग म्हणजे बापाच्या शर्टावरचा पिवळा डाग, आणि समोर बसलेल्या माणसाने तो पाहून समाधानाने आपल्या ताटाकडे वळणे.

"होतं असं," परब म्हणाले. "पण काका, बिल्डिंगमध्ये राहायचं तर ही खोड मोडायला लागेल हं. कमिटीतले लोक फार बारीक बघतात. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या भल्याचंच सांगतोय."

"मोडतील, मोडतील," नितेश म्हणाला. "बाबा ना, फार समजूतदार आहेत."

"नितेश," मी म्हणाले.

"जान्हवी, प्लीज. आता नको."

वाढप्याने परबांच्या ताटातही भात घातला, वर तुपाची धार सोडली. परबांनी तो कढीत कालवला. ते आता निवांत झाले होते. सोसायटीच्या पाण्याच्या वेळा सांगत होते, गच्चीवर पापड वाळत घालायला परवानगी आहे म्हणत होते. बोलता बोलता त्यांनी घास ताटाच्या कडेशी नेला. पातळ पसरला. आणि त्यांचा अंगठा, स्वच्छ कापलेल्या नखाचा, सोन्याच्या अंगठीशेजारचा, शितांमधून सावकाश एकदा फिरला.

घास तोंडात गेला. दुसरा कालवला. पुन्हा तेच. वेंगुर्ल्याची असो, मालवणची असो, कुठल्याशा वाडीत कुणा बाईने "सांभाळून खा रे, काटो असा" म्हणत हे त्या हाताला शिकवले होते, आणि हाताने आजवर तिचे ऐकणे सोडले नव्हते.

मी बाबांकडे पाहिले. त्यांनीही पाहिले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान अगदी हळू, आडवी हलवली. नको.

मी सकाळी स्वतःला दिलेला शब्द मला आठवत होता. भंगाराच्या गाडीला धरून उभे राहिलेले बाबा आठवत होते. गप्प राहिले असते तर काय मिळणार होते, हे मला त्या टेबलावरच्या कोणाहूनही नीट माहीत होते. आणि तरीही.

"परबकाका," मी म्हणाले, "तुमच्या ताटात काय सापडलं?"

"म्हणजे?"

"नाही, तुम्हीही शोधताय ना. म्हटलं, सापडला का?"

त्यांना प्रथम कळले नाही. मग त्यांची नजर स्वतःच्या हातावर गेली. अंगठा भातातच होता, अर्ध्या वाटेवर. त्यांनी तो उचलला नाही. जिथे होता तिथेच धरून ठेवला, चोरपावलाने चालताना दिवा लागला की माणूस पाय तसाच अधांतरी ठेवतो तसा. त्यांच्या चेहऱ्यावरचा गोडवा हळूहळू निथळला. खाली जे उघडे पडले ते मला पाहवले नाही, पण मी पाहिले.

"वास सहन होत नाही म्हणालात," मी थांबू शकत नव्हते. "मग कुणाच्या घरात काय शिजतं ते हुंगायला तुम्हालाच का पाठवतात? आमच्या बाबांनी चमचा मागितला. तुम्ही मागवणार का?"

"जान्हवी!" नितेश उभाच राहिला. "वेड लागलंय का तुला? काका, सॉरी, ती ना, तिचं काय मनावर..."

"जानू, गप रव गो," बाबा म्हणाले. ते रागावले नव्हते. फार दमल्यासारखे म्हणाले.

तेवढ्यात लाल फेट्यातला वाढपी हातात छोटा स्क्रीन घेऊन आला. त्यावर गोल चेहऱ्यांची रांग होती, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. "जेवण कसं वाटलं, सर? एक टच करा फक्त." मग नितेशने घाईघाईने सगळ्यांत हसऱ्या चेहऱ्यावर बोट दाबले. स्क्रीनवर रंगीत कागदाचे कपटे उडाले. वाढपी धन्यवाद म्हणून पुढच्या टेबलाकडे गेला.

परब उठले. त्यांनी खुर्ची मागे सारली ती आवाज न करता. उष्टा हात त्यांनी अंगापासून दूर धरला होता आणि अंगठा तळहातात दुमडलेला होता, वरून चार बोटांनी झाकलेला.

नितेश माझ्याकडे असा पाहत होता, की तो माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही हे सांगता आले नसते. मला पश्चात्ताप हवा होता, पण तो येत नव्हता. राग अजून सगळी जागा अडवून बसला होता, आणि त्यात आता माझ्यावरचाही राग होता.

बाबांनी मात्र आमच्या दोघांकडे पाहिलेही नाही. शर्टावरचा डाग रुमालाने झाकून, टेबलाची कड धरून ते थोडे उठले, जेणेकरून त्यांचा आवाज पाठमोऱ्या माणसापर्यंत पोहोचावा.

"परबांनू," त्यांनी विचारले, "ती लिफ्ट रातची पण चालू असता मां?"

परब क्षणभर थांबले. मग बेसिनवरून पुढे, उष्टा हात न धुताच, काचेचे दार खांद्याने ढकलून ते बाहेर गेले.