जळू चावेना

सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून कडुबाची दवाखान्याची फेरीही सोमवारीच. अजिंठ्याच्या पायऱ्यांवर चौघांनी उचलायच्या डोलीचा पुढचा उजवा दांडा वीस वर्षं त्याच्या खांद्यावर होता. त्याच दांड्याला मागून बन्सी. आज शहरात, छावणी भागातल्या आयुर्वेदिक दवाखान्यातही बन्सी सोबत आला होता, आणि कडुबाला नेमकं तेच नको होतं.

तिथल्या डॉक्टर रत्नमालांनी पंधरा दिवसांपूर्वी बजावलं होतं, गुडघ्यातली गादी फाटली आहे, ओझं बंद. कडुबानं मुकाट मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी डोली उचलली. बन्सीला सांगितलं, जरा वात धरलाय. खरं सांगितलं असतं तर दांड्याला दुसरा माणूस आला असता.

आणि काल, पायऱ्या उतरताना, गुडघा अडकला. पाय जागीच खिळला, डोलीची खुर्ची दरीकडं कलली. मागून बन्सीनं भार पेलला म्हणून निभावलं. खुर्चीतल्या आजी हसल्या. त्यांना वाटलं, डोली अशीच हलत असेल. कडुबाला मात्र रात्रभर डोळा लागला नाही.

आज डॉक्टरांनी सूज उतरवायला, रक्त शोषून घेणारी बरणीतली जळू त्याच्या गुडघ्यावर सोडली. कडुबानं भीतीनं डोळे मिटले. पण जळू तोंड टेकवायची, आक्रसायची, मागं सरायची. दुसरी सोडली, तिनंही तेच केलं.

डॉक्टरांनी वाकून वास घेतला.

"रोज बाम चोळता?"

"नाय."

"उग्र वासाला जळू धरत नाही, काका. बाम चोळून ओझं उचलणं चालूच आहे ना?"

यापेक्षा दहा जळवा चावलेल्या बऱ्या, असं कडुबाला वाटलं.

"व्हय," तो म्हणाला आणि शेजारी उभ्या बन्सीकडं वळला. "बन्सी, काल माझा गुडघा अडकला व्हता. तुझ्यापासून लपवलं. दुसरा माणूस बघ."

आता हा शिव्या घालणार, म्हणून कडुबा मान खाली घालून बसला. पण बन्सीनं वाकून स्वतःचा पायजमा गुडघ्याच्या वर सरकवला. गुडघा टम्म सुजलेला, आणि खोलीत पुन्हा तोच बामचा वास.

"चार महिने झाले," बन्सी म्हणाला. "पुढं तू हाईस म्हनून रेटत व्हतो. काल तुझा भार आला, तवा माझाबी पाय गेलाच व्हता."

कडुबाला आजींचं हसू आठवलं, आणि त्यांच्या खुर्चीखालची दरी.