सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

पहाटेच्या सुनसान घरात न्हाणीतली साबणदाणी खणकन खाली पडली आणि दामिनीचा पेन कागदावर थबकला.

"आई, मी वीसपर्यंत मोजून हात धुऊन राह्यली," आतून हर्षालीचा आवाज आला. "सतरावर साबण सटकला. आता पुन्हा पहिल्यापासून मोजू का?"

"नको ग राणी. सतरा बी पुष्कळ झाले."

सहा वर्षांची पोर ओले हात फ्रॉकला पुसत आली आणि आईच्या मांडीत शिरली. केसांना अजून झोपेचा ऊबदार वास होता. दामिनीनं डाव्या हातानं तिला कुशीत ओढलं आणि उजव्या हातानं लिहिणं चालूच ठेवलं. पोर उठायच्या आत जेवढं होईल तेवढं, मग तिला मांडीत घेऊन उरलेलं, असं करत दहा दिवसांत तिनं ती यादी इथवर आणली होती.

बोथ गावाच्या रस्त्यावरल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये दामिनी हाजरीचं काम बघायची. दूरदेशी कुठंतरी नवा फ्लू उठल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तसं मंडलाच्या सरकारी कचेरीतून पत्र आलं. जिथं पन्नासच्या वर माणसं कामाला आहेत, तिथं आधीच तयारी करून ठेवावी, असं. मॅनेजर अमृतरावांनी ते तेलुगू पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि सरळ दामिनीच्या टेबलावर ठेवलं.

"तुमी शिकलेल्या हाय, दामिनीताई. करा काय करायचं ते. फक्त रुईच्या गाठी थांबल्या नाई पायजेत."

दामिनीनं ते काम जीव लावून केलं. फाटकाशी नळ बसवून घेतले. जेवणाच्या वेळा वेगळ्या केल्या. कापसातला काडीकचरा निवडणाऱ्या बाया पार खांद्याला खांदा लावून बसत. ओळी विरळ व्हाव्यात म्हणून तिनं नियम लिहिला की कोणी काम सोडलं तर ती जागा रिकामीच ठेवायची, या हंगामात हाजरीचा नवा बिल्ला कोणालाच द्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे ही यादी. बिल्ल्याचा नंबर, नाव, बसायची जागा, फोन, आधीचा आजार, घरात कोण कोण. एखादीला ताप आलाच, तर तिच्या आजूबाजूला कोण बसलं होतं ते पाच मिनिटांत कळलं पाहिजे.

मास्क वाटले त्या दिवशी बाया खदखदून हसल्या होत्या.

"आमी त जलमभर रुईपायी तोंड बांधूनच बसलो व माय," भागाबाई म्हणाली होती. "हे मास्क आमच्या मालकाले द्या. घरी लय बोलते तो."

आज या तयारीची रंगीत तालीम होती. दहा वाजता अमृतराव हातात घड्याळ धरून ऑफिसच्या दारात उभे राहिले.

"समजा, सत्तेचाळीस नंबरच्या बाईले ताप आला. शोधा."

दामिनीचं बोट यादीवर सरसर फिरलं. सत्तेचाळीस. जयवंताबाई, गाव बाजारहत्नूरजवळचं, वय अठ्ठावन्न. तिसरी ओळ, दुसरी जागा. आजार: काही नाही. ती जवळजवळ धावतच शेडमध्ये गेली. मागून अमृतराव.

तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या जागेवर विशीतली एक पोरगी बसली होती. मास्कच्या वर नुसते डोळे. मांडीशी पितळी बिल्ला, त्यावर सत्तेचाळीस.

"जयवंताबाई कुठं हायेत?"

पोरीचे हात कापसातच राहिले.

"मी रुपा. त्याहीची सून."

"बरं, आज तू आली त्यांच्या जागी. त्या घरी हायेत ना? बऱ्या हायेत ना?"

भागाबाईनं मास्क हनुवटीवर ओढला. "तुमाले ठाऊक नाई का, ताई? जयवंता गेली न. दिवाळीच्या चौथ्या दिवशी."

"गेली म्हणजे?"

"मेली, बाप्पा. ताप आला, खोकला झाला, तिसऱ्या दिवशी दम लागला. दवाखान्यात नेता नेता गेली."

गेल्याच आठवड्यात दामिनीनं या नंबरावर फोन लावला होता. 'जयवंताबाई का?' असं विचारलं, तर पलीकडून कोण्या बाईनं 'हाव' म्हटलं होतं. शुगर, बीपी, दमा काही? 'काई नाई जी.' आणि तिनं सुबक अक्षरात तसंच लिहून घेतलं होतं.

ती परत ऑफिसात आली, हाजरीचं रजिस्टर उघडलं. दिवाळीचा चौथा दिवस. सत्तेचाळीस: हजर. पाचवा दिवस: हजर. पुढचा सगळा महिना हजर, हजर, हजर. अक्षर तिचंच. बाया खिडकीतून बिल्ला आत सरकवत, ती नंबर टिपून तो परत द्यायची. चेहऱ्याकडे बघायला वेळ कुठं असतो सकाळी? पण बिल्ला बाईचा नसतो, घराचा असतो. सासूचं अंग दुखलं तर सून येते, सून बाळंत झाली तर नणंद. शेडमधल्या प्रत्येकीला हे ठाऊक होतं. नव्हतं ते एकट्या दामिनीला.

रुपा दाराशी येऊन उभी राहिली होती.

"त्या दिवशी कोण आलं होतं ग? त्यांना नेलं त्या दिवशी?"

"माझी नणंद." रुपा खाली बघून बोलली. "खाडा पडला त बिल्ला जाते, असं म्हणतात न सारे. मी घरात रडून राह्यली होती, अन् ती इथं येऊन बसली."

"अन् त्या आजारी होत्या ते तीन दिवस?"

"पहिले दोन दिवस त्या सोताच आल्या. खोकतच."

म्हणजे दोन दिवस ती बाई तापानं फणफणत याच ओळीत बसली, आजूबाजूच्या बाया तिच्या लोट्यातलं पाणी प्यायल्या, आणि दामिनीच्या रजिस्टरात सगळं ठीकठाक होतं. तो नवा फ्लू असता तर?

"ताई, नाव नका कापू जी. माझं पोरगं आठ महिन्याचं हाय. माझे मालक कामाले आंध्राकडं गेले, त्याहीचा पत्ता नाई. या बिल्ल्यावरच चूल पेटते."

"मग तुझ्या नावानं नवा..." दामिनी बोलता बोलता थांबली. नवा बिल्ला द्यायचा नाही. तो नियम तिचाच होता.

रुपा गेल्यावर अमृतरावांनी घड्याळ खिशात टाकलं. "आणखी तीन बिल्ल्यांवर जावा-जावा पाळीनं बसतात, तिथं दोन दोन नावं लिहा, भागते. पण मेलेल्या बाईचं काय लिहिता? कापलं त ती जागा रिकामी ठेवा लागते, तुमचाच कायदा हाय. नाई कापलं, त मी काई पाह्यलं नाई."

"काका, तो नियम आपण एकीपुरता बदलू न."

"एकीचा बदलला त उद्या चाळीस जणी दारात. ही नावांची फेहरिस्त पाच वाजता कचेरीत जाते. सही तुमची हाय."

चार वाजता शाळेची ऑटो फाटकाशी थांबली. हर्षाली दप्तर सावरत आत आली आणि रोजच्यासारखी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी राहिली. दामिनीनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. खिडकीतून रुपा दिसत होती. फाटकाबाहेर कोण्या म्हातारीनं आणलेलं बाळ घेऊन ती भिंतीच्या कडेला पाजायला बसली होती. पदराखालून दोन इवले पाय हलत होते. दामिनीनं नाव कापायला घेतलेला लाल पेन टोपण लावून बाजूला ठेवला. एवढ्या मोठ्या यादीत एक ओळ. कोण बघणार आहे? तिनं खाली सही केली.

हर्षालीनं एकेक अक्षरावर बोट ठेवलं. "ज... यवं... ताबाई. आई, ही कोण?"

"एक आजी होती."

"होती? मग कामाले कोण येते?"

"रुपाकाकू. ती बघ, बाळाची आई."

हर्षालीनं खिडकीतून बघितलं, परत यादीवर पाहिलं. आईनं ही यादी कशासाठी केली ते तिला पाठ होतं. रोज पहाटे मांडीत बसून तिनं ते ऐकलं होतं.

"मग आई, रुपाकाकूले ताप आला, त तू कोणाले शोधशील?"