कॉलियरसाहेबांची पगडी

आपल्या माणसांना एक खोड आहे आणि ती सातासमुद्रापलीकडे गेल्यावरही सुटत नाही. कोणी खुर्चीवर बसलेला दिसला की आपले हात आपोआप शाल शोधू लागतात. त्या खुर्चीत बसून तो माणूस नेमकं काय करतो, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. आधी शाल, मग नारळ, मग फोटो, आणि पुढचं वर्षभर चारचौघांत एकच पालुपद: साहेब आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या हॉलो क्रीक गावचे त्र्यंबकराव देवस्थळी या बाबतीत कोणाला हार जाणारे नव्हते.

हॉलो क्रीक म्हणजे अल्फारेटा शहरापासून अर्ध्या तासावरचं छोटंसं गाव. पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून उभी हयात घालवून त्र्यंबकराव तिथेच निवृत्त झाले होते. राजकारणात ते पक्के कॉन्झर्वेटिव्ह. सरकारनं लोकांच्या घरादारात नाक खुपसू नये, कर बेताचे घ्यावेत आणि केल्या कामाचा जाब द्यावा, हे त्यांचं मत त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक जेवणावळीत ऐकवलेलं होतं. त्यांची पत्नी सुलभाताई यावर एवढंच म्हणत, की जाब मागायची वेळ आली की हेच गृहस्थ हार घेऊन रांगेत पहिले उभे असतात. त्र्यंबकराव ते हसण्यावारी नेत.

त्यांच्या शेजारी वेंडेल मॅब्री राहायचा. हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवून तो निवृत्त झाला होता आणि गावातल्या जुन्या बॅप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे कारभारी मंडळींपैकी एक होता. माणूस कडक, बोलणं तिखट, पण मनानं सरळ. मंडळाला कोणी विचारत नव्हतं तेव्हा चर्चचा हॉल मराठी शाळेसाठी त्यानंच मिळवून दिला होता. मूर्ती आणि आरती मात्र आमच्या छताखाली नको, हेही त्यानं त्याच दिवशी तोंडावर सांगितलं. लपवाछपवी नव्हती, म्हणून ते कोणाला लागलं नाही. गणपती शाळेच्या जिममध्ये बसायचा आणि मराठी शाळा दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये भरायची.

दोघा शेजाऱ्यांचा पक्ष एक, उमेदवारही एक. ब्राइस कॉलियर नावाचा हा गृहस्थ नगर परिषदेवर निवडून आला तेव्हा दोघांच्याही अंगणात त्याच्या नावाची पाटी होती. प्रत्येक भाषणात तो देवाचं नाव घ्यायचा, कुटुंबाचं महत्त्व सांगायचा, सरकारी उधळपट्टीवर कोरडे ओढायचा. सप्टेंबरात मंडळानं त्याला गणेशोत्सवाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. त्र्यंबकरावांनी पुण्याहून मागवलेली पगडी स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवली, शाल पांघरली, आणि टाळ्यांच्या कडकडाटात फोटो निघाला. मंडळाला स्वतःची वास्तू बांधायची होती आणि तिची परवानगी कॉलियरच्या समितीपुढे पडून होती, हे वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबरात बातमी फुटली. चर्चच्या बाजूला मोठं शॉपिंग सेंटर उभं राहणार होतं आणि त्याच्या वाहनतळासाठी नगर परिषदेला चर्चची जागा हवी होती. चर्चनं विकायला नकार दिला, तर सार्वजनिक कामाचं कारण दाखवून ती सक्तीनं घ्यायचं घाटत होतं. सगळी बोलणी बंद दाराआड झाली होती. या सगळ्यात पुढाकार घेणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, ब्राइस कॉलियरच होता. हॉल बहुतेक रिकामाच असतो, आठवड्याला चार म्हातारी माणसं जमतात, असं तो जिथे तिथे सांगत सुटला.

त्याच संध्याकाळी वेंडेल त्र्यंबकरावांच्या दारात आला. तो म्हणाला, सोमवारी नगर परिषदेच्या सभेत मत घेणार आहेत, तिथे प्रत्येक नागरिकाला माईकवर तीन मिनिटं बोलता येतं, तर तू उठून एवढंच सांग की तुमची शाळा इथे भरते, शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. यापेक्षा जास्त त्यानं काही मागितलं नाही.

त्र्यंबकराव अडखळले. सकाळीच मंडळाचा सेक्रेटरी केदार याचा फोन येऊन गेला होता. "काका, प्लीज, आत्ता कॉलियरला दुखवू नका यार. आपलं परमिट त्याच्या कमिटीसमोर आहे. चर्चवाले बघतील त्यांचं," असं तो म्हणाला होता, आणि त्र्यंबकरावांना ते पटलंही होतं. म्हणून ते वेंडेलला म्हणाले, की मी साहेबांशी खाजगीत बोलतो. आमची चांगली ओळख आहे.

वेंडेलचा चेहरा लाल झाला.

"खाजगीत?" तो म्हणाला. त्र्यंबक हे नाव त्याच्या जिभेवर पहिल्यापासून ट्रिम झालं होतं. "ट्रिम, तो सगळं खाजगीत करतोय हीच तर माझी तक्रार आहे! तू आणखी एक बंद दार उघडून देणार आणि त्याला मदत म्हणणार?"

त्र्यंबकरावांनी त्याला आठवण करून दिली की कॉलियर आपला माणूस आहे, आपल्याच पक्षाचा आहे, रोज प्रार्थना करणारा आहे. आपणच त्याला उघडा पाडला तर फायदा विरोधकांचा होईल.

"माझ्या धर्मात प्रत्येक माणूस पापी आहे असं मानतात," वेंडेल म्हणाला. "मी आहे, तू आहेस, तोही आहे. अशा माणसाच्या हाती सत्ता दिली की त्याच्यावर डोळा ठेवायचा, म्हणून तर मी लहान सरकारच्या बाजूचा. आपल्या माणसाला ही वागणूक लागू नाही असं म्हणणारा माझ्या लेखी कॉन्झर्वेटिव्ह नाही आणि ख्रिश्चन तर नाहीच. तो नुसता भाट. डोकं मी देवापुढे झुकवतो. नगर परिषदेत मी विचारायला जातो. तू दोन्हीकडे डोकंच झुकवतोस."

तो तसाच निघून गेला. जाताना त्यानं स्वतःच्या अंगणातली कॉलियरची पाटी उपटली आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबली. त्र्यंबकरावांना हा सगळा अपमान वाटला. नागरिकशास्त्राचा मास्तर, आपल्याला काय शिकवतो, असं ते दुसरा दिवसभर घरात पुटपुटत राहिले. सुलभाताईंनी त्या दिवशी त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पंधरा वर्षं त्या त्याच हॉलमध्ये मुलांना बाराखडी शिकवत होत्या, आणि तो हॉल वाचवायला घरचा माणूस तोंड उघडत नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली होती.

त्र्यंबकरावांनी कॉलियरला फोन केला तर त्याच्या मदतनीस बाईनं गोड आवाजात निरोप लिहून घेतला. उलट फोन आला नाही. ओळख होती ती एवढीच.

सोमवारी सभेचं सभागृह खचाखच भरलं होतं. एका बाजूला चर्चची माणसं, दुसऱ्या बाजूला शॉपिंग सेंटरवाल्यांनी जमवलेली गर्दी. दोन्हीकडे एकाच पक्षाच्या टोप्या आणि दोन्हीकडे कपाळाला आठ्या. वेंडेल पुढच्या रांगेत बसला होता, त्यानं मागे वळून पाहिलंही नाही. आपण नुसतं ऐकायला जातोय असं केदारला कबूल करून त्र्यंबकराव सुलभाताईंबरोबर मागे बसले.

सभेची सुरुवात प्रार्थनेनं झाली. ती कॉलियरनंच म्हटली, डोळे मिटून, आवाज कापवून. मग तो उभा राहिला आणि पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवू लागला. नवीन रस्ता, नवीन दुकानं, नवीन झाडं. आणि मग पडद्यावर, भिंतभर, एक फोटो आला.

पगडी! कॉलियरच्या डोक्यावर पुणेरी पगडी, खांद्यावर शाल, आणि शेजारी हात जोडून, दात दाखवून हसणारे त्र्यंबक देवस्थळी!

"हा हॉल आपले हिंदू बांधवही अधूनमधून वापरतात," कॉलियर म्हणाला. "त्यांनी माझा सन्मान केला. ते या योजनेच्या पाठीशी आहेत. गावातले सगळे श्रद्धावान लोक आज माझ्याबरोबर आहेत."

वेंडेलनं आता मागे वळून पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण रागापेक्षा किळस जास्त होती. त्र्यंबकरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, त्यांनी कशाला होकार दिला नव्हता. पण होकार द्यायची गरजच काय होती? तो त्यांनी सप्टेंबरातच स्वतःच्या हातांनी या माणसाच्या डोक्यावर ठेवला होता!

"अहो," सुलभाताई हळूच म्हणाल्या, "तुम्ही नाही उठलात तर मी उठेन. आणि मग मी तुमच्याबद्दलही बोलेन."

त्र्यंबकराव उठले. माईकपाशी गेले.

"त्या फोटोतला माणूस मी," ते म्हणाले. "ती पगडी आम्ही पाहुण्याला घालतो. ती संमती नाही. आमच्या मंडळाला कोणी विचारलं नाही, आम्ही कोणाला हो म्हटलेलं नाही. त्या हॉलमध्ये दर शनिवारी आमची शाळा भरते. माझी बायको तिथे शिकवते. हॉल रिकामा असतो हे खोटं आहे, आणि मिस्टर कॉलियर, तुम्हाला ते ठाऊक आहे, कारण दिवाळीतल्या शनिवारी तुम्ही स्वतः तिथे येऊन आमच्या मुलांबरोबर चकल्या खाल्ल्या आहेत."

"विरोधकांना मदत करतोयस!" मागून कोणी तरी ओरडलं. दुसऱ्यानं त्यांना आपल्या देशात परत जायला सांगितलं. त्र्यंबकरावांनी माईक घट्ट धरला.

"मी यांना मत दिलं. पुढच्या वेळीही बहुधा याच पक्षाला देईन. म्हणूनच विचारायचं पहिलं काम माझं आहे. लोकांची जमीन सरकारनं ओढून घेऊ नये, असं तुम्ही म्हणालात म्हणून मी माझ्या अंगणात तुमची पाटी लावली. मग देवाच्या घराची जमीन बंद दाराआड कशी ठरली? आत्ता इथे, सगळ्यांसमोर सांगा."

कॉलियर हसला. वेळ संपली, एवढंच म्हणाला. पण सभागृह आता हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. चर्चची माणसं उभी राहिली, समोरच्या गर्दीतले काहीजणही उभे राहिले, आणि जो तो एकच प्रश्न विचारू लागला. शेवटी परिषदेतल्या एका वयस्कर बाईंनीच विषय पुढे ढकलायचा ठराव मांडला. नाताळच्या आधी चर्चची जागा आराखड्यातून गुपचूप वगळली गेली.

त्याची किंमत मोजावी लागली. मंडळाची परवानगी लांबणीवर पडली. केदारनं व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांची यथेच्छ खरडपट्टी काढली आणि बऱ्याच जणांनी खाली अंगठ्याची चित्रं टाकून त्याला दाद दिली. त्र्यंबकरावांनी उत्तर लिहिलं की, परवानगी नियमात बसत असेल तर ती आपल्या हक्काची आहे. बसत नसेल तर पगडी घालून मिळवलेली मला नको.

एका सकाळी वेंडेल कुंपणाशी आला. हातात झाडाखाली वेचलेल्या पेकनची, म्हणजे तिकडच्या अक्रोडासारख्या फळांची, पिशवी होती. "उशीर केलास," तो म्हणाला. पिशवी कुंपणावर ठेवली आणि गेला. त्र्यंबकरावांना ते बोलणं झोंबलं, पण खोटं म्हणता येईना.

जानेवारीत मंडळानं संक्रांतीचा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्येच ठेवला. कॉलियरला त्र्यंबकरावांनी स्वतः बोलावलं, आणि निवडणूक जवळ असल्यामुळे तो आलाही. दारातून आत येताच त्याची नजर शाल शोधू लागली. शाल नव्हती, पगडी कपाटात होती, स्टेजवर खुर्चीही नव्हती. हॉलच्या मध्यभागी एक माईक उभा होता आणि त्याच्यामागे विचारणाऱ्यांची रांग लागली होती. रांगेत वेंडेल होता, आणि चेहरा पाडून का होईना, केदारही होता.

वाचकहो, सत्तेवरचा माणूस आपल्या पक्षाचा असो, आपल्या देवाचं नाव घेणारा असो, तो आपला नोकर आहे. जाब विचारायचा तो आधी आपल्या माणसाला, कारण परका आपल्या पगड्यांच्या आड लपू शकत नाही. हे त्र्यंबकरावांना उशिरा कळलं. तुम्हीआम्ही तेवढा उशीर करू नये.

सुलभाताई वाटी घेऊन पुढे झाल्या. सगळ्यांना दिला तेवढाच तिळगूळ त्यांनी कॉलियरच्या हातावर ठेवला. फक्त गोड बोला असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

"हे घ्या," त्या म्हणाल्या, "आणि खरं बोला."