टिप चांगलीच होती

मित्रांनो, काठी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कुत्री हाकलायची नाहीतर कपडे वाळत घालायची काठी येईल. तसले काम मी जन्मात केलेले नाही. मी बिलियर्ड्स खेळायची काठी आहे. खेळणारे लोक मला क्यू म्हणतात. आता वय झाले, अंगाला थोडा बाक आला आणि बेंगळुरूच्या बसवनगुडी भागातील एका छोट्या क्लबात मी कोपऱ्यात उभी असते. मला खेळायला कोणी हात लावत नाही. त्याला माझा बाक कारण नाही. जे कारण आहे ते सांगायला मला जड जाते, तरी सांगणार आहे.

माझे अंग विलायती लाकडाचे आणि मूठ काळ्याभोर आबनुसाची. एका गोऱ्या अधिकाऱ्याने मला बोटीने इकडे आणले आणि देश सोडून जाताना, छत्री विसरावी तसा तो मला इथेच विसरून गेला. मला फार अपमान वाटला. पुढे १९४९ मध्ये डॉक्टर त्रिविक्रमरावांनी मला उचलले, एक डोळा मिटून माझ्या अंगावरून नजर टाकली आणि "हिच्यात खोड नाही," म्हणत मला आपलीशी केली.

डॉक्टर डोळ्यांवर शस्त्रक्रिया करीत. मोतीबिंदू काढावा तर त्यांनीच, असे सारे गाव म्हणे. तोच हात संध्याकाळी माझ्या मुठीवर येई. हिरव्या कापडाच्या टेबलावर दोन पांढरे आणि एक तांबडा असे तीन चेंडू असत. डॉक्टर वाकले की बाकीचे सभासद बोलायचे थांबत. मला त्याचा गर्व होता, खोटे कशाला सांगू?

त्या खोलीची देखभाल येसाजी करी. चेंडू पुसणे, गुण पुकारणे, काठ्या दुरुस्त करणे हे सगळे त्याच्याकडे होते. अशा माणसाला मार्कर म्हणत. त्याचे घराणे डॉक्टरांच्या घराण्यासारखेच कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. क्लबात कन्नड आणि इंग्रजी चाले, पण हे दोघे एकमेकांशी घरातली, मधूनच कन्नड शब्द येणारी मराठी बोलत. येसाजी त्यांना अण्णा म्हणे.

येसाजीची बायको रत्नाबाई चोळ्या शिवत. त्यांचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या आजारात गेला होता. उजव्या डोळ्यावर सगळा संसार आणि सगळे शिवणकाम. त्या उजव्या डोळ्यात १९६० साली मोतीबिंदू पिकू लागला. देवनहळ्ळीला माहेरी गेल्या की रत्नाबाई डॉक्टरांसाठी चकोत्याची, म्हणजे पपनसाची, मोठाली फळे पाठवीत. सोबत निरोप असे, "अण्णांनीच करावं." डॉक्टर फळे घेत, पण तारीख देत नसत. "स्वल्प थांबू," म्हणत. का थांबत होते ते मला माहीत होते. त्यांचा हात थरथरू लागला होता. फार नाही, सुरुवातीला फक्त मला कळेल इतकाच.

आता माझ्या टिपेविषयी सांगते. माझ्या टोकाला चामड्याची एक छोटी गोल चकती असते, तिला टिप म्हणतात. चेंडूला काठी लागते ती त्या चकतीनेच. माझी तेव्हाची टिप सहा वर्षांची होती. मार खाऊन ती दगडासारखी कडक आणि सपाट झाली होती. तशी टिप चेंडूवरून थोडी घसरते. त्यामुळे नेम जरासा चुकला तरी चेंडू बरा जातो. थोडक्यात, ती माझ्या मालकाची चूक झाकत होती. १९६१ च्या फेब्रुवारीत खेळता खेळता ती निखळून पडली.

येसाजीने माझे टोक घासून साफ केले, सरस गरम करून लावला, नवी टिप बसवून दोऱ्याने आवळून ठेवली. दुसऱ्या दिवशी पात्याने तिच्या कडा कापल्या, घासून तिला गोलाई आणली आणि सभासद यायच्या आत स्वतः दहा फटके मारून पाहिले. दहाही चेंडू सुतासारखे सरळ गेले. "झकास," तो म्हणाला.

नवी टिप मऊ असते. ती चेंडूला घट्ट पकडते. केसभर डावीकडे लागली तरी चेंडू फिरत फिरत भलतीकडे जातो. संध्याकाळी डॉक्टरांनी पहिला फटका मारला आणि चेंडू तांबड्याला शिवलाही नाही. दुसरा तसाच. तिसऱ्याला टिप सटकून नुसता खट्‌ आवाज झाला. जुनी टिप जे झाकत होती, त्याची नवी टिप चहाडी करू लागली होती.

"येसाजी, टिप नीट बसली नाही रे," डॉक्टर म्हणाले.

येसाजीने त्यांच्याकडे पाहिले. मला वाटते, त्याला त्याच क्षणी शंका आली असावी. पण समोर पाच सभासद उभे होते. तो चटकन म्हणाला, "हौदु, खरंय अण्णा, माझंच चुकलं. सरस जास्त झाला. दुसरी बसवतो."

त्याने दुसरी बसवली. सकाळी त्याच्या हातात ती सरळ चाले, संध्याकाळी डॉक्टरांच्या हातात वाकडी. मग तिसरी बसवली. तिला आठ दिवस हळूहळू खेळवून मुरवले, रोज ठोकून खरबरीत केले, म्हणजे टिप सटकू नये म्हणून तिला चोळतात तो खडू चांगला धरेल. तिसऱ्या टिपेच्या वेळी तो टेबलापलीकडे ओणवा होऊन माझ्या टोकाकडे बघत राहिला. फटक्याआधी माझे टोक पाण्यातल्या काडीसारखे हलत होते. त्याला सगळे कळले. त्याने मान खाली घातली आणि मला संताप आला. अरे, आता तरी बोल! पण मी पडले लाकूड.

एका शनिवारी वकील जयतीर्थांनी सरळ विषय काढला. ते डॉक्टरांचे जुने स्नेही. "डॉक्टर," ते कन्नडमध्ये म्हणाले, "टिपा तीन झाल्या. एकदा हात कोणाला तरी दाखवा."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी येसाजीकडे वळून विचारले, "खरं सांग येसाजी. टिपेचं आहे, की माझ्या हाताचं?"

मित्रांनो, तो प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. त्यांना उत्तर हवे होते. माझी मूठ त्यांच्या घामाने ओली झाली होती. पण येसाजीला वाटले, एवढ्या मोठ्या माणसाची चारचौघांत शोभा कशी करायची? तो म्हणाला, "टिपेचंच आहे अण्णा. या वेळी टिपांचा सगळा गठ्ठाच खराब आलाय. तुमच्या हाताला काय झालंय?"

डॉक्टर केवढे हलके झाले! त्यांनी येसाजीच्या पाठीवर थाप मारली. "सरी, ठीक! मग माझी शंका मिटली. रत्नाबाईला गुरुवारी दवाखान्यात आण. तो डोळा मीच करतो."

येसाजीच्या हातातला खडू खाली पडून फुटला.

रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी क्लबात गर्दी नव्हती. खोलीत दोघेच होते. येसाजी मला पुसत होता आणि फडके पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवत होता. शेवटी तो म्हणाला, "अण्णा, एक बोलायचं होतं."

"बोल की."

नेमका त्या दिवशी डॉक्टरांचा हात बराच स्थिर होता. नुकतेच त्यांनी लागोपाठ सहा फटके साधले होते आणि ते लहान मुलासारखे खूश होते. येसाजीने त्यांच्याकडे पाहिले. बोलायचे, तर शनिवारी आपण खोटे बोललो हेही सांगावे लागणार. घरी रत्नाबाईंनी गुरुवारसाठी धुवट लुगडे काढून ठेवले होते. आणि कोण जाणे, हात आता बरा झालाही असेल.

"काही नाही अण्णा," तो म्हणाला. "खडू संपलाय. नवा आणतो."

त्यानंतर बारा दिवस येसाजी आला नाही. तेराव्या दिवशी आला तेव्हा त्याची दाढी वाढली होती. संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी मला स्टँडमधून काढले, पण टेबलाकडे गेले नाहीत. मला हातात धरून ते खुर्चीवर बसले.

"हात एकदाच हलला, येसाजी," ते म्हणाले. "एकदाच. तो डोळा आता परत येणार नाही."

मग त्यांनी माझे टोक येसाजीपुढे धरले.

"तिसऱ्या टिपेत काय खराब होतं?"

येसाजीला रडू फुटले. "काही नव्हतं अण्णा. टिप चांगलीच होती. तिन्ही चांगल्याच होत्या."

डॉक्टरांनी त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. मला वाटते, रागावले असते तर दोघांनाही बरे वाटले असते. त्यांनी मला जागेवर ठेवले आणि ते निघून गेले. पुन्हा त्यांनी कधी शस्त्रक्रियेचे पाते धरले नाही आणि क्लबातही पाऊल टाकले नाही. सभासदांना ही हकिकत कळली. तेव्हापासून मी अपशकुनी ठरले. माझ्या टोकाला अजून ती तिसरीच टिप आहे. फारशी न वापरलेली, गोल, सुंदर.

येसाजी अजून इथे काम करतो. कोणी नसले की माझ्यावरची धूळ पुसतो आणि हळू आवाजात घरचे काहीबाही सांगतो. रत्नाबाईंना त्याने खरे सांगितलेले नाही. त्या म्हणतात, माझ्या नशिबात नव्हतं, अण्णांनी शर्थ केली. रोज संध्याकाळी त्या डॉक्टरांच्या नावाने देवापुढे चाचपत दिवा लावतात आणि ज्योत नीट आली का, हे येसाजीला विचारतात. तो आली म्हणतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू बहुतेक शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला पुष्कळ जपले. येसाजीने माझ्या तीन टिपांची जेवढी काळजी घेतली, तेवढी एका डोळ्याची घेतली असती तर किती बरे झाले असते! म्हणून माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या प्रिय माणसाची चूक प्रेमापोटी माझ्यासारख्या मुक्या वस्तूवर ढकलू नका. त्याला सांगा. हात जोडून सांगा, डोळ्यांत पाणी आले तरी सांगा, पण वेळेवर सांगा. मंगळवारी सांगायचे ते गुरुवारनंतर सांगून काही उपयोग होत नाही.